मोठा टर्बो, बारीक ब्रीदर

आजच्या भागाचं हे लिखित रूप. या भागात आकडे बरेच आहेत आणि कानातून आकडे फार लवकर निसटतात, म्हणून ज्यांना पुन्हा बघायचे असतील त्यांच्यासाठी हे पान.

विषय आहे डिझेल ट्रकच्या इंजिनाचा टर्बो बदलणं, आणि त्याच्याच जोडीला क्रँककेसचं व्हेंटिलेशन. पहिल्यावर यूट्यूबवर हजारो व्हिडिओ सापडतील. शिट्टी वाजते, धूर निघतो, मजा येते. दुसऱ्यावर फारसं कुणी बोलत नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं काही नाही. एक रबरी पाइप आणि एक तेलकट डबा. पण मला आज हेच सांगायचंय की या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. टर्बो मोठा केला आणि इंजिनाचा हा पाइप तसाच ठेवला, तर बिल टर्बोच्या नावावर फाटतं आणि चूक पाइपाची असते.

थोडं माझ्याबद्दल, नव्या श्रोत्यांसाठी. बीटेक मेकॅनिकलमध्ये केलं, पोटापाण्यासाठी कोड लिहितो, सध्या मुक्काम अमेरिकेत इंडियाना राज्यात. ज्या इंजिनाबद्दल आज बोलायचंय त्याच्या कंपनीचं, म्हणजे कमिन्सचं, मुख्य ऑफिस याच राज्यातल्या कोलंबस नावाच्या छोट्या गावात आहे. पुणेकरांना कमिन्स नवीन नाही. किर्लोस्कर कमिन्स १९६२ साली पुण्यात सुरू झाली आणि कोथरूडमधल्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटली.

इंजिन आहे ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं बी सीरिज. १९८९ पासून डॉजच्या पिकअप ट्रकमध्ये ते बसायला लागलं आणि तिथे त्याचा एक पंथच तयार झाला. १९९८ च्या सुरुवातीपर्यंत त्याला सिलिंडरमागे दोन, म्हणजे एकूण १२ व्हॉल्व्ह होते, म्हणून त्याला सगळे ‘ट्वेल्व्ह व्हॉल्व्ह’ म्हणतात. याच कुळातलं इंजिन जमशेदपूरच्या टाटा कमिन्समध्येही बनलं आणि टाटाच्या ट्रकमध्ये बसून आपल्या हायवेंवर लाखो किलोमीटर फिरलं. ट्रकवाल्यांच्या तोंडी ‘कमिन्सवाली गाडी’ असते ती हीच. त्यामुळे उदाहरण अमेरिकेतल्या पिकअपचं असलं तरी लोखंड आपल्या ओळखीचं आहे.

आता आधी टर्बो.

सिलिंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळक्या वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते. ती सायलेन्सरमधून फुकट घालवण्याऐवजी तिच्यावर एक चाक फिरवायचं. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, जे बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. पहिलं टर्बाइन, दुसरं कॉम्प्रेसर. दांडा मिनिटाला एक लाखाच्या वर फेरे घेतो. हवा जास्त आत गेली की डिझेल जास्त जाळता येतं. नीट लक्षात घ्या, टर्बो ताकद देत नाही, ताकद डिझेल देतं. टर्बो फक्त ते डिझेल नीट जळायला लागणारी हवा देतो. ज्या गाडीत डिझेल वाढवलेलं नाही तिथे मोठा टर्बो बसवणं म्हणजे दोन माणसांच्या घरात लग्नाची कढई आणणं.

ट्वेल्व्ह व्हॉल्व्हच्या नंतरच्या गाड्यांत, म्हणजे १९९४ ते १९९८ च्या, कंपनीचा होल्सेट एचएक्स३५ टर्बो येतो. मॅन्युअल गिअरवाल्या १९९६ नंतरच्या गाडीला २१५ हॉर्सपॉवर. यात डिझेलचा पंप पूर्ण मेकॅनिकल आहे, बॉश पी७१००. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. पंपाच्या मागे एक लोखंडी पट्टी असते, फ्युएल प्लेट. ती थोडी पुढे सरकवली किंवा काढलीच, की डिझेल वाढतं. स्क्रू ड्रायव्हर आणि एक संध्याकाळ, बस. म्हणूनच या इंजिनाचे इतके भक्त आहेत. आणि म्हणूनच इतकी इंजिनं बिघडवलीही जातात, कारण जे इतकं सोपं असतं ते माणूस विचार न करता करतो.

डिझेल वाढलं की मूळ टर्बो धापा टाकायला लागतो. कंपनीच्या सेटिंगला बूस्ट साधारण २० पीएसआय असतो. डिझेल वाढवून आणि वेस्टगेट अडवून लोक त्याच टर्बोला ३५ पर्यंत पळवतात. यात नेमकं काय बिघडतं ते गणितानं बघू. बाहेर २५ अंश सेल्सियस आहे असं धरा. २० पीएसआय बूस्टला हवा सुमारे २.४ पट दाबली जाते आणि कॉम्प्रेसर चांगल्या पट्ट्यात चालत असेल तर बाहेर पडताना ती साधारण १४० अंश असते. ३५ पीएसआयला दाब ३.४ पट होतो. छोटा टर्बो तिथे आपल्या ताकदीच्या टोकाला असतो, कार्यक्षमता घसरलेली असते, आणि हवा २०० अंशांच्याही पुढे जाते. गरम हवा विरळ असते. म्हणजे मीटरवर बूस्ट दिसतो मोठा, पण हवेचे रेणू त्या मानानं वाढलेले नसतात. मीटर खूश, इंजिन नाराज.

हे २०० अंश ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहेत.

उपाय म्हणून लोक मोठ्या चाकांचा एचएक्स४० बसवतात, किंवा २००४ च्या मध्यापासून २००७ पर्यंतच्या ५.९ वरचा एचई३५१ काढून जुन्या इंजिनावर चढवतात. हा दुसरा मार्ग स्वस्तात होतो म्हणून फार लोकप्रिय आहे. सायलेन्सरकडचा कोपरा, हवेचा निकास, तेलाचे पाइप थोडे बदलावे लागतात, पण जमतं. मोठ्या टर्बोचा तोटा एकच: तो उशिरा जागा होतो. खालच्या आरपीएमला गाडी ढिम्म, आणि तोवर जादा डिझेलचा काळा धूर. टर्बाइनच्या घराचं तोंड किती मोठं, हे होल्सेटच्या टर्बोवर चौरस सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. आकडा लहान असेल तर टर्बो लवकर जागा होतो, पण वर जाऊन एक्झॉस्टचा गळा आवळतो. आकडा मोठा असेल तर उलट. अंगणात पाणी मारताना पाइपाच्या तोंडावर अंगठा ठेवतो ना, तोच हिशोब.

ट्रेलर ओढणाऱ्या माणसानं तर बूस्टच्या आधी एक्झॉस्टच्या तापमानाचा मीटर बसवावा. चढावर सलग १२५० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ६७५ सेल्सियसच्या खाली राहावं, असा तिकडचा अनुभवी लोकांचा दंडक आहे. पिस्टन ॲल्युमिनियमचे असतात, हे आठवलं की दंडक पटतो.

इथपर्यंतची गोष्ट व्हिडिओवाले सांगतात. आता तो तेलकट डबा.

सिलिंडरमध्ये स्फोटाच्या क्षणी दाब बाहेरच्या हवेच्या शंभर पटींपेक्षा जास्त असतो. तो दाब अडवतात पिस्टनच्या रिंगा. रिंगांना तोंड असतं, भिंत आणि रिंग यांत तेलाची फट असते, त्यामुळे थोडा वायू नेहमीच खाली निसटतो. नव्या इंजिनातही. यालाच ब्लो-बाय म्हणतात. आपल्या गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय’ असं म्हणतात ते याचंच वाढलेलं रूप. हा वायू पिस्टनच्या खाली, जिथे क्रँकशाफ्ट फिरतो आणि ऑइल चेंबर असतं, त्या क्रँककेसमध्ये साठतो. तो बाहेर काढला नाही तर फुगा फुगावा तसा दाब वाढतो. म्हणून प्रत्येक इंजिनाला एक ब्रीदर असतो. मी याला इंजिनाचं नाक म्हणतो, म्हणजे घरच्यांना समजावताना.

या नाकातून नुसता वायू येत नाही. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब, काजळी, अर्धवट जळलेलं डिझेल आणि पाण्याची वाफ. पाणी कुठून आलं? ज्वलनातून. एक किलो डिझेल जळलं की जवळजवळ सव्वा किलो पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरवाटे जातं, पण थोडं रिंगांवाटे खालीही येतं.

आता बूस्ट वाढवल्यावर काय होतं ते तुम्हीच सांगाल. सिलिंडरमधला दाब वाढला, तर निसटणारा वायूही वाढणार. मोठा टर्बो बसवणं म्हणजे इंजिनाला जास्त जोरात श्वास सोडायला लावणं. नाक मात्र कंपनीनं दिलेलंच.

आणि इथे टर्बो स्वतः या गोष्टीत परत येतो.

टर्बोच्या दांड्याला इंजिनाचंच तेल मिळतं. वरून पंपाच्या दाबानं तेल येतं, बेअरिंगमधून जातं, फेसाळतं, आणि खालच्या जाड पाइपातून चेंबरमध्ये परत पडतं. ‘पडतं’ हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. परतीच्या वाटेवर पंप नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. आणि टर्बोला आपल्याला वाटतात तशी रबरी सीलं नसतात. त्या वेगात आणि उष्णतेत रबर टिकणारच नाही. तिथे पिस्टनच्या रिंगेसारखी बारीक लोखंडी कडी असते, आणि तेल आत राहतं ते मुख्यतः दाबाच्या फरकामुळे.

मग क्रँककेसमध्ये दाब वाढला की? तेलाच्या परतीच्या पाइपात खालून फुंकर बसते. तेल उतरायला मागत नाही. टर्बोचं पोट तेलानं भरतं आणि ते तेल त्या कड्यांच्या बाजूनं जिथे वाट मिळेल तिथे निघतं. कॉम्प्रेसरकडे गेलं तर इंटरकूलर तेलकट होतो. टर्बाइनकडे गेलं तर सायलेन्सरमधून निळा धूर. गॅरेजवाला पाइप काढतो, तेल बघतो, आणि निकाल देतो: टर्बो गेला.

माझ्या घरमालकांच्या बाबतीत हेच झालं. साठी ओलांडलेले गृहस्थ, १९९७ ची डॉज रॅम २५००, मागे दोन घोड्यांचा ट्रेलर. आधीच्या मालकानं डिझेल वाढवून एचई३५१ चढवलेला. चढावर निळा धूर यायला लागला. तिथल्या एका वर्कशॉपनं नवा टर्बो सांगितला, खर्च दीड हजार डॉलरच्या वर. गंमत म्हणजे हाच निकाल त्यांना दोन वर्षांपूर्वीही मिळाला होता आणि तेव्हा टर्बो बदललाही होता. म्हणजे दोन वर्षांत दुसरा टर्बो ‘गेला’. लोकांची कोडमधली बग शोधून माझं पोट भरतं, त्यामुळे असं काही ऐकलं की कान टवकारतात. तोच भाग दोनदा मरतो तेव्हा मारेकरी बहुधा शेजारी असतो.

मी त्यांना म्हटलं, टर्बो नंतर, आधी दाब मोजू.

दाब मोजायला काय लागतं ऐका. पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, एक लाकडी पट्टी, पाणी आणि थोडा खाण्याचा रंग. नळी इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधायची, अर्धी रंगीत पाण्यानं भरायची. एक टोक हवेला उघडं, दुसरं टोक तेल भरायच्या झाकणाला. झाकण जुनं घ्यायचं आणि त्याला भोक पाडून नळीची तोटी बसवायची. दोन बाजूंच्या पाण्याच्या उंचीत जितका फरक, तितका क्रँककेसमधला दाब, सेंटिमीटर पाण्यात. शाळेतला मॅनोमीटर, दुसरं काही नाही. पीएसआयचा साधा मीटर इथे उपयोगाचा नाही, कारण १ पीएसआय म्हणजे ७० सेंटिमीटर पाणी. आपल्याला ५ आणि १० मधला फरक बघायचाय, आणि तो त्या मीटरवर काटा हलल्यासारखाही दिसणार नाही.

नळी लांब घेऊन केबिनमध्ये आणली, पट्टी डॅशबोर्डला बांधली, मी बाजूच्या सीटवर फोननं व्हिडिओ घेत बसलो. गाडी उभी असताना फरक २ सेंटिमीटर. सपाट रस्त्यावर ८-१०. ट्रेलर लावून हायवेच्या चढणीला पूर्ण ॲक्सिलरेटर दिला तेव्हा ४० च्या वर गेला आणि पुढे पाणी नळीतून उडायच्या बेतात आलं, म्हणून पाय उचलायला सांगितला.

परत येऊन ब्रीदर बघितला. या गाडीला कंपनीकडून ब्रीदरचा पाइप खाली उतरून इंजिनाच्या पुढच्या बाजूला एका बाटलीत जातो. तिकडचे लोक तिला ‘प्यूक बॉटल’ म्हणतात, म्हणजे ओकारीची बाटली. तिच्यातून उडणारं तेल पुढे रेडिएटरच्या जाळीवर बसतं, त्यावर धूळ बसते आणि गाडी तापते, ही जुनी तक्रार. ती टाळायला आधीच्या मालकानं बाटली काढून बाजारातला चकचकीत कॅच कॅन बसवला होता. कल्पना चांगली. पण जोडलेली नळी आतून जेमतेम १० मिलिमीटरची, वाटेत तीन काटकोन, आणि शेवटी अंगठ्याएवढा फिल्टर, जो तेलानं चिंब होऊन बंद पडत आलेला.

नळी किती जाड असावी हे नुसत्या अंदाजानं चुकतं, कारण आपल्या डोक्यात हिशोब सरळ चालतो आणि वायूचा तसा चालत नाही. तोच प्रवाह बारीक नळीतून नेला तर दाबाचं नुकसान व्यासाच्या साधारण पाचव्या घातानं वाढतं. १० ऐवजी २५ मिलिमीटर केली तर नुकसान अडीच पट नाही, ढोबळमानानं १०० पट कमी होतं. समजा लोडवर मिनिटाला १०० लिटर ब्लो-बाय आहे. १० मिलिमीटरच्या नळीत तो वायू सेकंदाला २१ मीटर वेगानं पळतो, २५ च्या नळीत साडेतीन मीटरनं. पहिल्या नळीत तेलाचे थेंब वायूबरोबर ओढले जातात. दुसऱ्या नळीत बरेचसे भिंतीला चिकटून परत खाली ओघळतात. म्हणजे जाड नळी दाबही कमी करते आणि तेलही वाचवते. एवढ्या स्वस्त वस्तूकडून इतकं मिळणं विरळा.

आम्ही २५ मिलिमीटरची तेलाला टिकणारी नळी घेतली, काटकोन काढून सावकाश वळणं दिली, आणि ती संपूर्ण उतारावर ठेवली. कुठेही झोळ नाही. या झोळाबद्दल थांबून सांगतो, कारण इथल्या थंडीत तोच इंजिन मारतो. मघाची पाण्याची वाफ आठवा. नळीला झोळ असेल तर ती तिथे पाणी होऊन साठते. रात्री उणे १५ झालं की बर्फाचं बूच तयार. सकाळी गाडी चालू केली की नाक बंद. डिपस्टिक उडते, नाहीतर क्रँकशाफ्टच्या मागचं सील ढकललं जातं, आणि ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आपल्याकडे लेह-लडाखच्या वाटेवर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. नाशिक-पुण्याला बर्फ नाही, पण झोळात तेल आणि पाण्याचा पांढरट चिखल साठतो, तोही नळी बंद करायला पुरेसा असतो.

कॅच कॅन तोच ठेवला, फक्त तोट्या मोठ्या केल्या आणि आत स्टीलची जाळी भरली. रिकाम्या डब्यातून वायू एका भोकातून येऊन दुसऱ्यातून निघून जातो, तेल घेऊनच. त्याला अडथळ्यांवर आपटवलं आणि वेग कमी केला, तरच थेंब वेगळे होतात. बाजारातले अर्धे कॅच कॅन आतून रिकामे असतात. विकत घेताना झाकण उघडून बघा. विक्रेता उघडू देत नसेल तर उत्तर मिळालंच.

पुन्हा तीच चढण, तोच ट्रेलर. फरक ३ सेंटिमीटर. इंटरकूलरमधलं तेल पुसून काढलं. तीनेकशे मैलांनंतर पाइप उघडला तर आत नुसती ओलसर झाक. टर्बो तोच, ‘गेलेला’.

एक सावधगिरी. दाब जास्त आला म्हणजे रिंगा गेल्या किंवा नळी बारीक, एवढे दोनच पर्याय नाहीत. टर्बोचीच कडी झिजली असतील तर दाबलेली हवा आणि एक्झॉस्ट उलट परतीच्या पाइपातून क्रँककेसमध्ये येतो आणि ब्लो-बायसारखाच दिसतो. आपल्या ट्रकमध्ये एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर असतो, तोही झिजला की त्याची हवा तेलाच्या वाटेनं इंजिनात येते. इंजिन खोलायचा निर्णय या दोघांना वगळल्याशिवाय घेऊ नये. तेलाचं झाकण उलटं ठेवून ते नाचतंय का बघायची पद्धत सगळीकडे चालते. मला ती फारशी पटत नाही. उभ्या गाडीत टर्बो जवळजवळ झोपलेला असतो, आणि खरा प्रश्न लोडवरचा आहे. घरमालकांच्या गाडीत झाकण मुळीच नाचत नव्हतं.

मग ब्रीदरचा वायू बाहेर सोडायचाच कशाला, परत इंजिनात का नाही पाठवायचा? पाठवतात की. पेट्रोल गाड्यांत कित्येक दशकं तेच चालू आहे. अमेरिकेत टर्बो डिझेलला मात्र सूट होती, कारण तेलकट वायू कॉम्प्रेसरमधून नेणं अवघड मानलं जायचं. मोठ्या डिझेल वाहनांसाठी ती सूट २००७ च्या मॉडेलपासून गेली. म्हणून २००७ नंतरच्या ६.७ लिटरच्या कमिन्समध्ये व्हॉल्व्ह कव्हरवर तेल गाळणारा फिल्टर असतो आणि गाळलेला वायू टर्बोच्या तोंडाशी जातो. त्या फिल्टरची बदलायची मुदत ६७,५०० मैल सांगितलेली होती, आणि तो आहे हेच कित्येक मालकांना माहीत नसतं. तो तुंबला की वर सांगितलेलं सगळं नाटक कंपनीच्या गाडीतही होतं, काहीही मॉडिफाय न करता.

आता ते २०० अंश. तेलाची वाफ कॉम्प्रेसरमधून जाताना हवा १४० अंशांवर असेल तर तेल पातळ थराच्या रूपात पुढे सरकतं. २०० च्या वर गेलं की ते कॉम्प्रेसरच्या घराला भाजून चिकटायला लागतं, जुन्या तव्याच्या कडेवर बसतं तसं काळं. त्यानं कॉम्प्रेसरची कार्यक्षमता घटते, घटली की हवा आणखी तापते, तापली की आणखी चिकटतं. छोटा टर्बो त्याच्या ताकदीपलीकडे पळवणाऱ्यांनी निदान एवढं तरी करावं, ब्रीदरचा वायू नीट गाळल्याशिवाय टर्बोच्या तोंडी देऊ नये. शिवाय तेलामुळे इंटरकूलरचे रबरी जोड नरम आणि घसरडे होतात आणि बूस्ट आला की फट्‌कन निसटतात. भर चढावर हा आवाज ऐकलेला माणूस तो विसरत नाही.

आणि याचं सगळ्यात भयानक टोक म्हणजे रनअवे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, दाबलेल्या गरम हवेत जे जळण्यासारखं येईल ते जळतं. इंजिन तेलही. कुणी जुन्या गाडीचा उघडा ब्रीदर ‘पर्यावरणासाठी’ म्हणून गाळणीशिवाय सरळ एअर इनटेकला जोडला आणि रिंगा झिजलेल्या असल्या, किंवा तेल जास्त भरलेलं असलं, तर इंजिन स्वतःचं तेल पिऊन पळायला लागतं. किल्ली बंद करून उपयोग नाही, कारण आता त्याला पंपाच्या डिझेलची गरजच नाही. आरपीएम वाढतच जातं आणि शेवटी काहीतरी फुटतं. थांबवायचा मार्ग एकच, हवा तोडणं. इनटेकवर जाड फळी दाबून धरायची किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक त्यात सोडायचा. हात किंवा कापड कधीही नाही, टर्बो आत ओढतो. मॅन्युअल गाडी असेल आणि तुम्ही आत बसलेले असाल तर सगळ्यात वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडायचा, इंजिन गुदमरून बंद पडतं. आसपास माणसं असतील तर आधी त्यांना बाजूला करा. फुटलेलं चाक बॉनेटमध्ये थांबेलच असं नाही.

कायद्याचं थोडक्यात. घरमालकांची १९९७ ची गाडी कारखान्यातूनच उघड्या ब्रीदरची आली होती, म्हणून त्यात कॅच कॅन बसवणं म्हणजे आहे त्यापेक्षा कमी घाण करणं. २००७ नंतरच्या गाडीचा बंद ब्रीदर काढून नळी खाली सोडणं ही वेगळी गोष्ट आहे, तो अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टखाली छेडछाडीचा गुन्हा होतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. बीएस-६ गाडीत तर बूस्ट, एक्झॉस्ट आणि फिल्टर सगळं सेन्सरनं बांधलेलं आहे. तिथे मोठा टर्बो बसवायच्या नादाला लागू नका, हे माझं स्पष्ट मत. पण तिच्या ब्रीदरचा फिल्टर वेळेवर बदलायला कुठलाही कायदा आड येत नाही.

कॅच कॅन बसवलाच तर त्याची देखभाल. थंडीत आठवड्याला आणि एरवी दर वेळी तेल तपासताना रिकामा करायचा. आत जे निघतं ते तेल नाही, तेल, पाणी, काजळी आणि डिझेल यांचं कालवण आहे, ते परत इंजिनात ओतू नका, गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात टाका. दर वेळी किती निघालं ते फोनमध्ये लिहून ठेवा. घरमालकांच्या गाडीत हजार मैलांना साधारण चहाचा अर्धा कप निघतो. तो एके दिवशी अचानक दोन कप झाला, तर रिंगांकडे किंवा टर्बोकडे बघायची वेळ आली असं समजायचं. त्यांनी ती नोंद फ्रीजवर चुंबकानं लावलेल्या कागदावर ठेवलीये, घोड्यांच्या औषधांच्या यादीखाली.